फोटोत किल्ला टिचभर येतो आणि ५० एमएमच्या लेन्समध्ये पडवी मावत नाही, काय करायचं?

दर गणपतीनंतर आणि मे महिन्याच्या सुट्टीनंतर मला हमखास तोच मेसेज येतो, माणसं वेगळी पण रड एकच. "अरे हर्णैला गेलेलो, बंदरावरून समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला डोळ्यांना केवढा भरभक्कम दिसत होता आणि घरी येऊन फोटो बघतो तर पाण्यावर करपलेली भाकरी ठेवल्यासारखा." दुसरा म्हणतो सूर्य टिकलीएवढा आला. तिसऱ्याने दुकानदाराच्या सांगण्यावरून ५० एमएमची लेन्स घेतलेली असते (हा आकडा जेवढा मोठा तेवढं कमी मावतं, पण मोठं दिसतं) आणि गावच्या घराच्या पडवीत भिंतीला पाठ घासली तरी आजी-आजोबा काय एका फ्रेममध्ये मावत नाहीत. आणि सगळ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला, कॅमेरा बदलू का? नका बदलू, निदान या महिन्यात तरी नको. सगळं एकाच मुळातून येतं आणि त्यातलं निम्मं दुखणं पायांनी बरं होतं.

पण आधी काच बघा. इतकं फालतू वाटतं ना की कोणी बघतच नाही. किनाऱ्यावर अर्धा तास उभं राहिलात की खाऱ्या वाऱ्याने लेन्सवर चिकट थर बसतो, मग दिव्याभोवती धुकं येतं, काळा रंग राखाडी दिसतो आणि माणूस म्हणतो सेन्सर (कॅमेऱ्यातली फोटो टिपणारी चकती) लहान आहे म्हणून फोटो दुधाळ येतो. शर्टाच्या टोकाने पुसू नका, मीठ आणि वाळू तिथंच घासली जाते. आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग किंचित ओलसर मऊ फडकं. एसी रूममधून थेट बाहेर आलात तर काचेवर बाष्प धरतंच, कॅमेरा बॅग बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या, मग उघडा. लेन्स खराब निघाली म्हणून परत करायला निघालेल्या एकाला मी नुसतं थांबवून चहा पाजला, चहा संपेपर्यंत लेन्स बरी झाली होती. बुरशीचं वेगळं, ती चहाने जात नाही, पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कपड्यांमध्ये ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

काच स्वच्छ आहे आणि तरी तक्रार आहे? मग पुढे वाचा.

माझं झालेलं ते सांगतो. आतेभाऊ ठाण्याहून गणपतीला आला, हातात नवा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा. माझा जुना क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा, कंपनी एकच, त्यामुळे लेन्स एकमेकांना बसतात. माझीच ५० एमएम त्याने त्याच्या कॅमेऱ्याला लावली, खळ्याच्या (घरापुढच्या अंगणाच्या) कडेला उभं राहून फोटो काढला, तुळशीवृंदावन, दोन्ही बाजूची रांगोळी, निरांजन घेतलेली वहिनी, सगळं आलं. मग तीच लेन्स काढून माझ्या कॅमेऱ्याला, त्याच फरशीवर उभं राहून मी काढला तर तुळस आली आणि वहिनीचा एक हात आला. मला वाटलं माझा कॅमेरा बिघडला. सेटिंग रीसेट केलं, लेन्स पुसली, फर्मवेअरसुद्धा टाकून बघितलं, रात्रीचे दोन वाजले. काही बिघडलेलं नव्हतं.

लेन्स आत एक गोल चित्र टाकते, बास, मागे काय ठेवलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्या गोलातून सेन्सर आपल्या मापाचा चौकोन कापून घेतो. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलीमीटर, जुन्या ३५ एमएम फिल्मच्या फ्रेमचंच माप. क्रॉप म्हणजे एपीएस-सी, निकॉन-सोनीत साधारण २३.५ बाय १५.६, कॅननमध्ये अजून थोडा लहान, २२.३ बाय १४.९ च्या आसपास. मायक्रो फोर थर्ड्स हा त्याहून लहान सेन्सर, १७.३ बाय १३. लहान चौकोनात त्या चित्राचा फक्त मधला भाग येतो आणि तोच भाग स्क्रीनवर तेवढाच मोठा करून दिसतो, म्हणून वाटतं की झूम झालं. म्हणून लेन्सच्या आकड्याला १.५ चा गुणाकार, कॅननला १.६, फोर थर्ड्सला २. ५० एमएम माझ्या कॅमेऱ्यावर ७५ सारखी वागते ती अशी. लेन्स ५० चीच आहे, बदलला तो चौकोन. (आणि "एक इंच सेन्सर" या नावाला भुलू नका, तो १३.२ बाय ८.८ मिलीमीटर असतो, कुठल्याच बाजूने एक इंच नाही. ते नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून चालत आलंय. फोनवाले १/१.३ इंच वगैरे लिहितात ते त्याच खानदानातलं.)

आता पडवीचं. लेन्स घ्यायच्या आधी टेप घ्या. सेन्सरची रुंदी भागिले लेन्सचा आकडा, गुणिले तुमचं अंतर, एवढंच गणित. पडवीत भिंतीला टेकलात आणि समोरचा माणूस ३ मीटरवर आहे असं धरा. क्रॉपवर ५० एमएम लावली तर २३.५ भागिले ५० गुणिले ३, जेमतेम १.४ मीटर रुंदी मिळते. झोपाळ्यावरची दोन माणसं आणि झोपाळ्याची एक कडी, संपलं. फुल फ्रेमवर हीच लेन्स २.१६ मीटर देते. क्रॉपवर ३५ एमएम लावलीत तर २ मीटर, म्हणजे आतेभावाच्या ५० च्या जवळपास. २४ एमएमने २.९, किट लेन्सच्या (कॅमेऱ्यासोबत येते ती १८-५५ झूम) १८ ने ३.९ मीटर, अख्खी पडवी. तर "सगळ्यांना ५० चालते" हे वाक्य फुल फ्रेमवाल्यांचं आहे, ते आपल्याकडे तसंच्या तसं आलं आणि क्रॉपवाल्यांच्या गळ्यात पडलं. ५० वाईट लेन्स नाही, खळ्यात, वाडीत, किनाऱ्यावर एकट्या माणसाच्या फोटोला माझी आवडती आहे, फक्त माजघरात तिचं काम नाही. घ्यायच्या आधी एक दिवस किट लेन्सचा झूम ३५ वर सेलोटेपने चिकटवून घरभर फिरा, दुसऱ्या दिवशी ५० वर, कुठली हवी ते संध्याकाळपर्यंत कळतं. खर्च सेलोटेपचा.

आता किल्ला. इथे जरा थांबा कारण यातच सगळी मेख आहे आणि मला स्वतःला हे कळायला चार-पाच वर्षं गेली, मी आपला समजायचो की टेलिफोटो लेन्स किल्ल्याला "जवळ ओढते". लेन्स काही ओढत नाही. पुढची होडी आणि मागचा किल्ला एकमेकांच्या मानाने केवढे दिसणार हे फक्त तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. खात्री करायची तर एका जागेवरून १८ वर आणि ५५ वर असे दोन फोटो काढा, १८ वाल्याचा मधला तुकडा कापून मोठा करा, होडी आणि किल्ल्याचं प्रमाण तंतोतंत तेच मिळेल. क्वालिटी कमी असेल, प्रमाण तेच. सेन्सरचंही तसंच, मोठा घ्या लहान घ्या, प्रमाण हलत नाही.

बरं मग किल्ला टिचभर का येतो? कारण आपण काय करतो, बंदरावर छान रंगवलेली होडी दिसली की तिला जाऊन चिकटतो, फोन वाइडवर असतोच, होडी फ्रेमभर. समजा होडी १० मीटरवर आहे आणि किल्ला सोयीसाठी ४०० मीटरवर धरू. आता ४० मीटर मागे चाला. होडी ५० मीटरवर गेली म्हणजे पाचपट लहान झाली. किल्ला ४४० वर गेला, म्हणजे दहा टक्क्यांचाही फरक पडला नाही. आता पाचपट झूम करा. होडी पहिल्या फोटोत होती तेवढीच झाली आणि किल्ला आधीच्या साडेचारपट! होडीच्या मागे तट उभा राहिल्यासारखा. फोनची मेन लेन्स फुल फ्रेमवरच्या २४ च्या बरोबरीची असेल तर पाचपट म्हणजे १२०, ती क्रॉप कॅमेऱ्यावर ८० एमएमला मिळते, म्हणजे १८-५५ पुरत नाही, ५५-२०० सारखी कुठलीही जुनी स्वस्त झूम पुरते. नव्या बॉडीचे लाख रुपये वाचले ते मला द्या.

मागे जाताना मागेही बघा एवढं सांगतो. हर्णैला दुपारनंतर लिलाव सुरू असतो, बैलगाड्यांतून मासे येत असतात, बर्फाच्या पाट्या चाललेल्या असतात, मी असाच डोळा कॅमेऱ्याला लावून उलटा चालत एका मावशीच्या सुरमईच्या पाटीत बसणार होतो. "फोटू मंग काड, आदी बाजूला हो," एवढंच म्हणाल्या, पण ज्या सुरात म्हणाल्या तो सूर अजून लक्षात आहे.

हौसेला आणखी मागे जायचं तर अंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीवरूनही सुवर्णदुर्ग दिसतो, पण तिथून मे महिन्यातल्या भर दुपारी २०० एमएम लावून काढाल तर फोटो थरथरलेला आणि राखाडी येईल, तो लेन्सचा दोष नाही, मधली काही किलोमीटर तापलेली दमट हवा आहे. त्यावर महागडी लेन्सही चालत नाही. पाऊस संपल्या-संपल्या, सकाळी लवकर जा.

चेहऱ्याचंही हेच गणित, उलटं लावायचं. सेल्फीत नाक बटाट्यासारखं येतं त्याचा दोष लोक वाइड लेन्सला देतात. ४० सेंटीमीटरवरून नाक ४० वर आणि कान साधारण ५२ वर, म्हणजे नाक कानाच्या मानाने तीस टक्के फुगलं. दोन मीटरवरून तोच फरक सहा टक्के. नवरीचा फोटो काढताना दोन मीटर मागे उभे राहा आणि मग जी लेन्स फ्रेम भरेल ती लावा, नथ आणि नाक दोन्ही जागेवर राहतील.

सूर्य टिकलीएवढा येतो त्याला मात्र मागे जाऊन फायदा नाही, तो काय ४० मीटरने लहान होत नाही. म्हणून तिथे फक्त लेन्सचा आकडा चालतो. सूर्य आकाशात साधारण अर्धा अंश जागा घेतो, त्यामुळे सेन्सरवर त्याची टिकली लेन्सच्या आकड्याच्या साधारण एकशेदहाव्या भागाएवढी पडते. ५५ एमएमला अर्धा मिलीमीटर, २०० ला १.८ मिलीमीटर. क्रॉप सेन्सरची उंची १५.६, तेव्हा २०० वर सूर्य फ्रेमच्या उंचीच्या आठव्या-नवव्या भागाएवढा येतो, ५५ वर एकतिसाव्या. फोनच्या मेन लेन्सवर शंभरावा भाग, मग टिकलीच येणार ना. इथे लहान सेन्सर उलट कामाला येतो बघा, तीच २०० फुल फ्रेमवर लावली तर सूर्य तेराव्या भागाएवढाच. क्रॉपवाल्यांनी एवढं तरी मिरवावं. एक गोष्ट मात्र मस्करीची नाही, सूर्य अजून तळपत असताना टेलिफोटो लावून डीएसएलआरच्या भिंगातून डोळ्याने बघू नका, डोळा जातो. लाइव्ह व्ह्यू लावा, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघा, तोही सूर्य पाण्याजवळ लालसर होऊन मऊ पडल्यावर.

आणि सूर्य बरोबर किल्ल्याच्या मागेच पाहिजे असेल तर महिना बघावा लागतो. आपल्याकडे डिसेंबरात तो पश्चिमेपासून पंचवीसेक अंश दक्षिणेला बुडतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. मागच्या मे मधली जागा पाठ करून डिसेंबरात जाल तर किल्ला एकीकडे आणि सूर्य एकीकडे.

फोनवाले म्हणतील आमच्यात ३ एक्स आहे, तरी फोटो चिखल येतो. तुमच्या फोनला खरी टेली लेन्स असेलही, पण बऱ्याच फोनमध्ये उजेड कमी झाला किंवा वस्तू फार जवळ असली की फोन न सांगता मेन कॅमेऱ्यावर जातो आणि त्याचाच तुकडा कापून ३ एक्स म्हणून देतो. पकडायची युक्ती सोपी आहे, ३ एक्सवर ठेवा आणि टेली लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली तर खरी लेन्स चालू आहे, चित्र तसंच दिसत राहिलं तर फोन तुम्हाला फसवतोय. मग लाइट वाढवा, नाहीतर अंतर वाढवा.

आता ब्लरचं भांडण. "माझ्याकडेही १.८ आहे, मग फुल फ्रेमवाल्या भावासारखं मागचं विरघळत का नाही?" (१.८ म्हणजे लेन्सच्या भोकाचा, अपर्चरचा एफ आकडा, आकडा लहान तेवढं भोक मोठं.) प्रकाशाच्या हिशोबात १.८ म्हणजे १.८, दोन्ही कॅमेऱ्यांत शटरचा वेग आणि आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा) तेच लागतात. पण त्याच जागेवरून फुल फ्रेमच्या ५० एफ १.८ सारखा फोटो क्रॉपवर हुबेहूब आणायचा तर ३३ एमएम एफ १.२ लागेल, आकडा आणि अपर्चर दोन्हीला १.५ ने भागायचं. आपण लावतो ३५ एफ १.८, ती ब्लरच्या बाबतीत फुल फ्रेमवरच्या एफ २.७ सारखी दिसते. एवढाच फरक आहे आणि खरं सांगू, तो फरक बाजूबाजूला ठेवल्याशिवाय नव्वद टक्के नातेवाइकांना दिसत नाही. त्यांना दिसतं ते हे, की आजोबांना तुम्ही जांभ्याच्या भिंतीला टेकवून बसवलंय आणि मग म्हणताय मागचं ब्लर होत नाही! भिंत पाठीला लागलेली आहे, ती कशी होणार. त्यांना उठवा, पायरीवर बसवा, मागे दहा-बारा मीटरवर पोफळी येतील अशी जागा धरा, तुम्ही पुढे सरका. किट लेन्स ५५ वर सुद्धा बऱ्यापैकी विरघळवते. फोनचा पोर्ट्रेट मोड माडाच्या झावळ्यांसमोर लावू नका, त्याला झावळी आणि केस यातला फरक कळत नाही, आमच्या काकूंच्या डोक्यातून एकदा झाप उगवलेला.

मोठ्या सेन्सरचा खरा फायदा शिमग्याला, रात्री. पालखी नाचतेय, एका बाजूला हॅलोजन आणि बाकी सगळा अंधार, शटर १/२५० सेकंदाहून हळू केलं की पालखी पुसट. सेन्सरचं काम पावसात ठेवलेल्या भांड्यासारखं समजा. अंगणात परात ठेवली काय नि वाटी ठेवली काय, पाऊस दोघांवर सारखाच पडतो, म्हणून एक्स्पोजर सेम. पण परातीत पाणी जास्त साठतं, आणि फोटोतला दाणेदारपणा साठलेल्या पाण्यावर ठरतो. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ क्रॉपच्या सव्वादोनपटीहून थोडं जास्त, म्हणजे सव्वा स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). कबूल, आहे. पण आता दुसरा हिशोब बघा, किट लेन्स ३५ वर साधारण एफ ४.५ ला असते, तिथून ३५ एफ १.८ वर गेलात तर सहापटीहून जास्त प्रकाश, अडीच स्टॉपच्या वर. म्हणजे बॉडी बदलून जे मिळतं त्याच्या दुप्पट एका छोट्या लेन्सने मिळतं, तेही कितीतरी कमी पैशात. आतेभाऊ त्याच्या फुल फ्रेमवर एफ ४ चा झूम लावून सहाणेपाशी (पालखी ठेवतात त्या चौथऱ्यापाशी) उभा होता आणि मी ३५ घेऊन, त्या रात्रीचे कोणाचे फोटो सगळीकडे फिरले ते मी सांगणार नाही, तो वाचतो हे.

"सगळं शार्प पाहिजे" म्हणून एफ २२ लावणारेही आहेत. नका लावू. भोक बारीक झालं की प्रकाश कडेला पसरतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो, क्रॉपवर एफ १६ पासून सहज दिसतं. १६ एमएम, एफ ८, फोकस दीड-पावणेदोन मीटरवर, एवढ्यात पाऊण-एक मीटरवरच्या शिंपल्यापासून क्षितिजापर्यंत सगळं बसतं.

घेणाऱ्यांसाठी घाईघाईत एकच गोष्ट. लेन्स घेताना बसते का आणि चालते का हे दोन वेगळे प्रश्न विचारा. कॅननच्या क्रॉपसाठी केलेल्या ईएफ-एस लेन्स त्यांच्या फुल फ्रेम डीएसएलआरला बसतच नाहीत. निकॉनच्या क्रॉपसाठीच्या डीएक्स लेन्स फुल फ्रेमला बसतात पण कॅमेरा मधलाच तुकडा वापरतो, नाहीतर कोपरे काळे. आणि निकॉनच्या डी३००० किंवा डी५००० मालिकेवाल्या बॉडीत फोकसची मोटर नाही, तिथे जुनी ५० एफ १.८ डी बसेल पण ऑटोफोकस होणार नाही, तिच्याऐवजी नावात "जी" (G) हे अक्षर असलेली ५० एफ १.८ घ्या. स्वस्तात मिळाली म्हणून डी घेऊन आलेले दोन जण मी पाहिलेत.

राहिलं ते मागे जायला जागा. हर्णै असो की मुरूड की आणखी कुठला किनारा, भरतीला पुळणीची चिंधी उरते, ४० मीटर मागे जायचं म्हणजे कुणाच्यातरी वाडीत कुंपणावर. ओहोटीला होड्या वाळूवर कलंडलेल्या असतात आणि मागे मैदान मोकळं. तेव्हा सूर्यास्ताला ओहोटी कधी येते ते बघून जायचं. आमच्या आजोबांचा हिशोब, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती, सहा तासांनी संध्याकाळी ओहोटी. अमावास्येलाही तेच. थोडं मागेपुढे होतं पण दांडी नाही मारत. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे ऐन सूर्य बुडताना भरती. तेव्हा सुट्टी टाकण्याआधी कालनिर्णय उघडा, अष्टमी असेल तर मासे खाऊन घरी या, किल्ला टिचभरच येणार आहे आणि मग मला मेसेज करू नका.